रविवारचा काठ कोणाचा?

न्यूयॉर्कसारख्या महानगरात राहणाऱ्या आणि आठवड्याचे पाच दिवस कचेरीत घालवणाऱ्या हौशी मासेमाराला शुक्रवारी संध्याकाळी एक प्रश्न हमखास पडतो : उद्या गळ घेऊन जायचे कुठे? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. इतिहासाच्या व्यासपीठावर त्याची चर्चा करावी इतके त्यात काय आहे, अशी शंका श्रोत्यांपैकी अनेकांच्या मनात आली असेल. परंतु या साध्या प्रश्नाला आज जे उत्तर मिळते ते तयार होण्यास दीडशे वर्षे लागली आहेत. त्या उत्तरात आगगाड्या आहेत, धरणे आहेत, बुडालेली गावे आहेत, न्यायालयांचे निकाल आहेत आणि काही माणसांची गेलेली उपजीविकाही आहे. मासेमारीची चांगली जागा ही सापडते असे लोक म्हणतात. आम्हांस असे दाखवायचे आहे की शहराजवळ तरी ती सापडत नाही, ती राखावी लागते. आणि राखायची म्हटली की कोणी राखायची आणि कोणासाठी, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

प्रथम भूगोल पाहू. २०२०च्या शिरगणतीप्रमाणे न्यूयॉर्क शहराची वस्ती ८८ लाख होती. एवढ्या माणसांच्या सुट्टीला दोन पाणी उपलब्ध आहेत. शहराच्या वायव्येस सुमारे १०० मैलांवर कॅट्सकिल नावाचे डोंगर आहेत. त्यांतून इसोपस, बीव्हरकिल, विलोविमॉक, नेव्हरसिंक आणि डेलावेअरच्या दोन शाखा वाहतात. हे ट्राउटचे पाणी. दुसरे पाणी पूर्वेकडे. लाँग आयलंड हे लांबट बेट शहरापासून समुद्रात घुसले आहे, आणि त्याच्या टोकाला, शहरापासून सुमारे १२० मैलांवर, मॉन्टॉक आहे. तेथे खडकांवर किंवा पुळणीवर उभे राहून फुटत्या लाटांपलीकडे गळ फेकायचा आणि पट्टेरी बास हा मोठा मासा धरायचा, असा खेळ चालतो.

ट्राउट हा थंड, स्वच्छ, खळाळत्या पाण्यातला मासा. पाणी २० अंश सेल्सियसच्या वर तापू लागले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि हा मासा व्याकूळ होतो. आपल्या सह्याद्रीच्या नद्यांत तो म्हणूनच नाही. काश्मीर, कुलू, नीलगिरी येथे जो आढळतो तो इंग्रजी अमदानीत बाहेरून आणून सोडलेला. ही थंडाव्याची अट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढचा निम्मा इतिहास त्या एका अटीभोवती फिरतो.

कॅट्सकिलमधला मूळचा मासा म्हणजे ब्रूक ट्राउट. ओढ्यांच्या दोन्ही काठांवर हेमलॉक या सूचिपर्णी वृक्षांची दाट सावली होती, आणि त्या सावलीमुळे पाणी भर उन्हाळ्यातही गार राही. पण हेमलॉकच्या सालीत चामडे कमावण्याचा अर्क असतो. एकोणिसाव्या शतकात चामडे कमावण्याचे कारखाने या खोऱ्यांत शिरले. कातडी थेट दक्षिण अमेरिकेतून बोटींनी येत. कारण साल कातड्यांपर्यंत नेण्यापेक्षा कातडी सालीपर्यंत आणणे स्वस्त पडे. झाडे पाडली गेली, साल सोलली गेली, उघडी खोडे पुष्कळ ठिकाणी तशीच कुजत पडली. कारखान्यांची घाण ओढ्यांत गेली. सावली गेली, पाणी तापले, आणि मूळचा मासा डोंगरमाथ्याकडच्या झऱ्यांत मागे हटला. शतकाच्या अखेरीस साल संपली तसे कारखानेही संपले. मागे उरला तो बोडका डोंगर आणि रिकामा ओढा.

आज तेथे जो ट्राउट प्रामुख्याने सापडतो तो पाहुणा आहे. १८८० साली बर्लिनला मत्स्यप्रदर्शन भरले होते. तेथे फ्रेड मॅथर या अमेरिकन मत्स्यपालकाची जर्मनीच्या बॅरन फॉन बेर यांच्याशी ओळख झाली, आणि १८८३ साली बॅरनसाहेबांनी ब्राउन ट्राउटची सुमारे ८०,००० अंडी बोटीने न्यूयॉर्कला धाडली. ती लाँग आयलंडवरील कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या मत्स्यबीज केंद्रात उतरली आणि तेथून काही इतर केंद्रांकडे गेली. ब्राउन ट्राउटला थोडे अधिक उबदार पाणी चालते. म्हणजे जंगल तोडून माणसाने जी हानी केली होती तीत तगून राहण्याची ताकद या परक्या माशात होती. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातून आणलेला रेनबो ट्राउटही पूर्वेकडच्या नद्यांत सोडला गेला, आणि इसोपसमध्ये तो चांगलाच रुजला.

नव्या माशाबद्दल प्रथम तक्रारी झाल्या. तो मूळच्या माशाला खातो, तो फार सावध आहे, तो गळाला लागत नाही, असे लोक म्हणत. या सावधपणातूनच एक कला जन्माला आली. थिओडोर गॉर्डन (१८५४–१९१५) हा क्षयाने ग्रासलेला, एकांतात राहणारा गृहस्थ नेव्हरसिंकच्या काठी राहत असे. इंग्लंडचे फ्रेडरिक हॅलफर्ड हे पाण्यावर तरंगणाऱ्या कृत्रिम माश्यांचे मोठे जाणकार. त्यांनी १८९० साली गॉर्डनकडे आपल्या माश्यांचे नमुने पाठवले. परंतु इंग्लंडच्या संथ नद्यांसाठी बांधलेली माशी कॅट्सकिलच्या उसळत्या पाण्यात बुडे, आणि तिचा रंगही तेथल्या कीटकांशी जुळत नसे. गॉर्डनने नदीवरचे कीटक न्याहाळले, कोंबड्याच्या मानेची ताठ पिसे वापरली आणि खळाळात तरंगणारी माशी बांधून दाखवली. शनिवारी नदीवर जाणाऱ्याने पहिल्याप्रथम दगड उलटून कोणते कीटक आहेत ते पाहावे, हा जो सल्ला आजही दिला जातो, त्याच्या मुळाशी ही दृष्टी आहे.

आता मासा होता, कलाही होती. जायचे कसे? १८७०च्या दशकात लोहमार्ग खोऱ्यांत पोचले. एक रस्ता किंग्स्टनहून इसोपसच्या कडेने फिनिशियाकडे जाई. दुसरा विलोविमॉक आणि बीव्हरकिल यांच्या संगमावरील रॉस्कोकडे. शहरातला कारकून आता दोन दिवसांत नदीवर जाऊन परत येऊ शकत होता. पण आगगाडीने गर्दी आणली आणि गर्दीने कुंपण आणले. धनिकांच्या संस्थांनी काठाच्या जमिनी विकत किंवा भाड्याने घेतल्या आणि ‘आत येण्यास मनाई’च्या पाट्या लावल्या. पाणी सर्वांच्या डोळ्यांदेखत वाहत होते. त्याच्या काठावर उभे राहण्याचा हक्क मात्र थोड्यांचा होता.

यावर न्यूयॉर्क राज्याने १९३५पासून जो उपाय योजला तो आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो. राज्याने जमिनी हिसकावल्या नाहीत, की सगळ्या विकतही घेतल्या नाहीत. जो शेतकरी राजी असेल त्याच्याकडून फक्त काठाने चालण्याचा आणि गळ टाकण्याचा कायमचा हक्क विकत घेतला. बहुधा काठालगतची ३३ फूट रुंदीची पट्टी. जमीन शेतकऱ्याचीच राहिली. तेथे मांडव घालून सहल करण्याचा हक्क कोणाला मिळाला नाही. मिळाला तो एवढाच, की मासेमाराला कोणी हटकू नये. अशा पट्ट्या आता ४००हून अधिक ओढ्या-नद्यांवर मिळून सुमारे १,३०० मैल भरतात. चांगली जागा शोधणाऱ्याने या पट्ट्यांचा नकाशा आधी पाहावा. माशांचा अंदाज त्यानंतर.

परंतु शहराला सुट्टीपेक्षा मोठी गरज होती ती पिण्याच्या पाण्याची. १९०५ साली न्यूयॉर्कने पाणीपुरवठ्याचे स्वतंत्र मंडळ नेमले आणि त्याची नजर याच खोऱ्यांवर गेली. १९०७ ते १९१५ या काळात इसोपसवर अशोकान जलाशय उभा राहिला. सुमारे २,००० माणसे उठवली गेली आणि अडीच हजारांहून अधिक थडगी उकरून हलवावी लागली. पुढे स्कोहॅरी, राँडाउट, नेव्हरसिंक, पेपॅक्टन, आणि १९६४ साली कॅनन्सव्हिल. एकट्या पेपॅक्टनखाली चार गावे गेली. गॉर्डनने ज्या पाण्यावर आपली कला घडवली त्यातला मोठा भाग नेव्हरसिंक जलाशयाच्या तळाशी आहे. मुळशीची हकीकत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना दूरच्या शहराच्या गरजेसाठी गाव सोडून जाणाऱ्यांचे दुःख वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

गंमत अशी, की याच धरणांनी नव्या जागा निर्माण केल्या. खोल जलाशयाच्या तळाचे पाणी भर जुलैतही गार असते. ते खाली सोडले की धरणाखालची नदी उन्हाळाभर थंड राहते आणि ट्राउटला ती मानवते. डेलावेअरच्या पूर्व आणि पश्चिम शाखांवरच्या नामांकित जागा अशा धरणाखालच्याच आहेत. मात्र ही देणगी नळाच्या चावीसारखी होती. शहराने पाणी सोडले तर नदी. न सोडले तर दगडगोटे. डेलावेअरच्या पाण्याचा वाद खालच्या राज्यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला, आणि १९३१ व १९५४ साली न्यायालयाने शहराला पाणी घेऊ दिले, पण खालच्यांसाठी सोडण्याचे बंधनही घातले. मात्र त्या वाटपात माशांच्या गरजेचा हिशेब नव्हता. पाणी एकाएकी सोडायचे, एकाएकी बंद करायचे, असा प्रकार चालू राहिला. मासेमारांनी आणि खोऱ्यातल्या रहिवाशांनी आरडाओरडा केल्यावर १९७६ साली राज्याने कायदा करून या पाणी सोडण्यावर नियमन आणले. पुढे स्कोहॅरीचे गढूळ पाणी बोगद्यातून इसोपसमध्ये ओतले जाते, याविरुद्ध मासेमारांच्या संस्था न्यायालयात गेल्या. २००१ साली संघीय अपील न्यायालयाने ठरवले, की एका खोऱ्यातले गढूळ पाणी दुसऱ्यात सोडणे हेही दूषण असून त्याला परवाना हवा. गळाच्या काठीने जे साधले नसते ते वकीलपत्राने साधले.

याच नद्यांवर आणखी एक धडा मिळाला. हक्क मिळाला, गाडी मिळाली, मोटारही आली. आता माणसे इतकी झाली की प्रत्येकाने टोपली भरून नेली तर सोमवारी नदीत काही उरू नये. १९६५ साली बीव्हरकिलच्या एका टप्प्यावर मासा धरायचा पण मारायचा नाही, तसाच पाण्यात सोडायचा, असा नियम झाला. आपल्याकडच्या खवय्यांना हे चमत्कारिक वाटेल. धरलेला मासा सोडायचा तर धरायचा कशाला? परंतु शहराजवळच्या नदीचे गणित निराळे असते. तेथे मासा थोडा आणि माणसे फार. एकच मासा अनेकांच्या रविवारी कामी यावा, असा तो हिशेब आहे.

आता समुद्राकडे वळू. ट्राउटची नदी विकत घेता येते, समुद्र कोण विकत घेणार, असे वाटेल. परंतु श्रीमंतीने येथेही वाट काढली होती. १८६४ साली न्यूयॉर्कच्या धनिकांनी मॅसॅच्युसेट्सच्या कटिहंक बेटावर मंडळ स्थापले. खडकांपासून लाटांपर्यंत अरुंद माच्या बांधल्या होत्या. कोणी कोणत्या माचीवर बसायचे याच्या चिठ्ठ्या आदल्या संध्याकाळी काढल्या जात, आणि आमिष टाकण्यासाठी पगारी पोरे असत. सामान्य माणसाचा समुद्र उघडला तो नंतर. लोहमार्ग १८९५ साली मॉन्टॉकला पोचला. १९२४ साली मॉन्टॉक पॉइंट आणि हिदर हिल्स येथे सरकारी उद्याने झाली, १९२९ साली जोन्स बीच खुले झाले. तेथे नेणाऱ्या उद्यानमार्गांवर मात्र फक्त खासगी मोटारींना मुभा होती, बसगाड्यांना मज्जाव. ज्याच्याकडे मोटार नाही त्याचा किनारा तेवढा दूरच राहिला. १९७२ साली रॉकवेची पुळण, जमेका बे आणि न्यू जर्सीतील सँडी हुक ही स्थळे राष्ट्रीय क्रीडाक्षेत्रात आली, तेव्हा शहराच्या हद्दीतलाच समुद्रकाठ मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक झाला.

मोटार नसलेल्यांसाठी १९३०च्या दशकात लाँग आयलंडच्या लोहमार्गाने मासेमारांची खास गाडी सुरू केली. ती पहाटे निघे आणि सकाळी मॉन्टॉकला पोचे. उतरणारी माणसे चांगली जागा मिळावी म्हणून धावत सुटत. १ सप्टेंबर १९५१ रोजी, सुट्टीच्या शनिवारी, ‘पेलिकन’ नावाच्या छोट्या बोटीवर अशी ६४ माणसे चढली. परतताना वारा फिरला, इंजिनाने दगा दिला, आणि भार न पेलून बोट मॉन्टॉकच्या टोकाजवळ कलंडली. ४५ माणसे गेली. यानंतर १९५६ साली कायदा झाला, की सहाहून अधिक प्रवासी घेणाऱ्या अशा बोटींची सरकारी तपासणी झालीच पाहिजे. आज रविवारी बोटीवर पाय ठेवणाऱ्याला जो निर्धास्तपणा लाभतो, त्याची किंमत त्या ४५ जणांनी मोजलेली आहे.

पट्टेरी बासची कथा याहून गुंतागुंतीची आहे. हा मासा राहतो समुद्रात, पण विणीसाठी हडसन नदीत आणि चेसापीकच्या उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत चढतो. म्हणून मॉन्टॉकच्या खडकावरचे यश शेकडो मैल दूरच्या नदीवर अवलंबून असते. १६३९ सालीच मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने हा मासा शेतात खत म्हणून घालण्यास बंदी केली होती. इतक्या जुन्या सावधगिरीनंतरही १९७३ साली व्यापारी मासेमारीत सुमारे १५० लाख पौंड बास निघाला, तो १९८३ साली ३५ लाखांवर घसरला. १९८४ साली संघीय कायदा झाला, काही राज्यांनी मासेमारी पूर्ण बंद केली, आणि १९९५ साली हा मासा सावरल्याचे जाहीर झाले. इकडे हडसनमध्ये वरच्या बाजूच्या कारखान्यांतून १९४७पासून तीस वर्षे विषारी रसायन जात होते. त्यामुळे १९७६ साली त्या नदीतला बासचा व्यापारच बंद झाला. हडसनच्या काठी स्टॉर्म किंग डोंगरावर वीजकेंद्र व्हायचे होते. नदीतली अंडी आणि पिले यंत्रात खेचली जातील, असा आक्षेप मासेमारांनी घेतला, आणि १९६५च्या न्यायालयीन निकालापासून सुरू झालेला तो झगडा १९८० साली योजना रद्द होऊन संपला. १९८५ साली मॅनहॅटनच्या पश्चिम काठाला नदीत भराव घालून महामार्ग करण्याची योजनाही बारगळली; कारण त्या पडक्या धक्क्यांखाली बासची पिले हिवाळा काढतात, हे न्यायालयासमोर आले होते. गगनचुंबी इमारतींच्या पायथ्याशी मॉन्टॉकचा मासा वाढत होता!

परंतु इतिहास सांगताना हिशेबाची एकच बाजू मांडणे बरे नाही. लाँग आयलंडच्या पूर्व टोकाला पिढ्यान्‌पिढ्या मासे धरून पोट भरणारे कोळी होते. त्यांची पद्धत आपल्या कोकणातल्या रापणीसारखीच : होडीने जाळे समुद्रात वेढून सोडायचे आणि किनाऱ्यावर ओढायचे. मासा घटल्यावर जे नियम झाले त्यांत १९९०च्या सुमारास बाससाठी ही रापण बंद झाली. कोळ्यांनी निदर्शने केली, पण नियम टिकला. हौशी मासेमार संख्येने अधिक, त्यांच्या संस्था बलवान. कोळ्यांची घरे मात्र थोडी. माशाला वाचवणे आवश्यक होते यात शंका नाही. पण एकाचा रविवार राखताना दुसऱ्याचे सहा दिवस गेले, हे विसरून चालणार नाही. कारखान्याचे विष रापण ओढणाऱ्याने नदीत सोडले नव्हते.

आणि काठाचा वाद मिटला आहे असेही नाही. नॅपीगच्या पुळणीची जमीन १८८२ साली विकली गेली तेव्हा गावकऱ्यांचा मासेमारीचा हक्क खतात राखून ठेवला होता. त्याच्या आधारे लोक तेथे मोटारी नेत. २०२१ साली अपील न्यायालयाने निकाल दिला, की पुळण शेजारच्या घरमालकांची असून त्या जुन्या शब्दांतून सर्वांना मोटारी नेण्याचा हक्क निघत नाही. बासचीही स्थिती पुन्हा नाजूक आहे. २०१९च्या पाहणीत त्याची संख्या सुरक्षित पातळीखाली गेल्याचे दिसले, आणि २०२३ साली ३१ इंचांहून लांब मासा हौशी मासेमाराने ठेवू नये असा तातडीचा नियम झाला. मोठी मादी सर्वाधिक अंडी घालते.

तेव्हा शुक्रवार संध्याकाळच्या त्या प्रश्नाकडे परत येऊ. जागा कोणती चांगली? एप्रिल-मेमध्ये रॉस्कोचा संगम, उन्हाळ्यात धरणाखालची डेलावेअर, ऑक्टोबरात दीपस्तंभाखालचे मॉन्टॉकचे खडक, असे कोणीही जाणकार सांगेल, आणि ते खोटे नाही. पण यांपैकी एकही जागा निव्वळ निसर्गाची नाही. एकीचा मासा जर्मनीहून आला, दुसरीचा थंडावा बुडालेल्या गावांवरून येतो, तिसरीकडे जाण्याची वाट सरकारने मोकळी केली आणि तिथला मासा कोळ्यांच्या त्यागावर जगला. जो या काठावर उभा राहतो तो या सर्वांचा ऋणी आहे. ते ऋण फेडण्याचे मार्ग साधे आहेत. पाटी वाचावी, पट्टीबाहेर जाऊ नये, पाणी तापले असेल त्या दिवशी ट्राउटला त्रास न देता परत फिरावे, लहान आणि फार मोठा मासा सोडून द्यावा, आणि काठाची सुनावणी असेल त्या दिवशी गळ घरी ठेवून सभागृहात जाऊन बसावे. शहरे आपल्याकडेही वाढत आहेत आणि नद्यांचे काठ आपल्याकडेही आक्रसत आहेत. तेथे आपल्या मुलांना उभे राहता येईल की नाही, हे नदी ठरवणार नाही. ते आपण ठरवणार आहोत.